कोचीनच्या जंगल-ट्रामवेची वाट जुन्या नकाशांवरून शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही ट्रामवे नेमकी कुठली आणि कधीची?

कोचीन संस्थानाची. परंबिकुलमच्या जंगलातला साग आणि शिसव खाली चालकुडीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत आणायला संस्थानाने ही बांधली. काम १९०१च्या सुमारास सुरू झालं, १९०७ साली ती चालू झाली आणि १९६३ साली बंद पडली. लांबी सुमारे ८० किलोमीटर, रूळ मीटर गेजचे. वरचं टोक आज केरळच्या पालक्काड जिल्ह्यात आहे आणि खालचं त्रिशूर जिल्ह्यात. चालकुडीला शोरनूर-कोचीन रेल्वे १९०२ सालीच आलेली होती. जंगलातून आलेले ओंडके तिथे रेल्वेवर चढायचे, कोचीन बंदराला जायचे आणि तिथून जहाजाने परदेशी.

ट्रामवे म्हणजे शहरात असायची तशी ट्राम का?

नाही. त्या काळी हलक्या बांधणीच्या, खाजगी किंवा खात्याच्या मालवाहू रुळांना ट्रामवे म्हणायचे. इथे वाफेचं इंजिन आणि त्यामागे ओंडके लादलेल्या वाघिणी, असं डोळ्यासमोर आणा. तिकीट, कंडक्टर, घंटा यांतलं काही नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाने केरळातल्या जंगलातल्या रुळांमागे का लागावं?

मला हा प्रश्न घरचेच जास्त विचारतात. खरं उत्तर म्हणजे खोड. तरी दोन धागे आहेत. कोचीनच्या ट्रामवेला सामान पुरवलं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने, आणि आपल्या माथेरानच्या गाडीची पहिली वाफेची इंजिनंही याच कंपनीची. दोन्ही मार्ग १९०७ सालीच सुरू झाले. दुसरा धागा मुंबईचे सालिम अली. १९३३ साली त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी करताना त्यांचा एक मुक्काम कुरियारकुट्टीला होता, आणि कुरियारकुट्टी याच ट्रामवेवर आहे. मी तिथवर पोचलो तो पक्ष्यांमुळे. रुळांचं वेड नंतर लागलं.

कुठले नकाशे लागतात?

मुख्य आधार भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंच-एक मैल मापाची, म्हणजे १:६३,३६० ची, टोपोशीटं (डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारे तपशीलवार नकाशे). आकडा कसा काढायचा ते एकदा समजून घ्या, मग कुठलीही शीट शोधता येते. ७६ ते ८० रेखांश आणि ८ ते १२ अक्षांश या चौकोनाला ५८ हा क्रमांक आहे. त्याचे एकेक अंशाचे १६ तुकडे म्हणजे ए ते पी. अक्षरं वायव्य कोपऱ्यापासून सुरू होतात आणि वरून खाली, उभ्या ओळीने जातात. आपला प्रदेश ७६-७७ रेखांश आणि १०-११ अक्षांशांत बसतो, म्हणून ५८ बी. त्याचे परत पंधरा-पंधरा मिनिटांचे १६ तुकडे, तेही उभ्या ओळीने. चालकुडी पडतं ५८ बी/७ मध्ये, मधलं जंगल ५८ बी/११ मध्ये आणि परंबिकुलम ५८ बी/१५ मध्ये. तिन्ही शीटा शेजारी शेजारी, एकाच आडव्या पट्ट्यात येतात. ट्रामवे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते म्हणून हे नशीब. नाहीतर अशा कामात आपल्याला हवी ती जागा बरोब्बर चार शीटांच्या कोपऱ्यावर येते.

या मापाच्या नव्या शीटा १९०५ नंतरच्या मोजणीतून आल्या. त्याआधीच्या 'अ‍ॅटलस ऑफ इंडिया'च्या पाव इंची पानांवर हा डोंगर रेघोट्यांनी विस्कटल्यासारखा दिसतो आणि ट्रामवे नसतेच, कारण ती तेव्हा जन्मालाच आली नव्हती. ती पानं पाहायला सुंदर आहेत. पण या कामाला निरुपयोगी.

ते मिळतात कुठे?

सगळ्यात सोपं म्हणजे टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची अमेरिकन लष्कराची यू५०२ मालिका. फुकट उतरवता येते. माप मात्र १:२,५०,०००. त्यावर अर्धा मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर. एवढ्या जाड पेन्सिलीने वाट शोधायची नाही, फक्त 'साधारण इकडून जाते' एवढंच ठरवायचं.

एक इंची जुन्या शीटांसाठी ग्रंथालयंच धुंडाळावी लागतात. मोठी विद्यापीठं, भूगोलाचे विभाग, वनखात्याची जुनी कार्यालयं. ब्रिटिश लायब्ररीतही संग्रह आहे. मिळालं तर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन करा. मग एक ठिपका जमिनीवरच्या सव्वापाच-साडेपाच मीटरांएवढा होतो, म्हणजे छापलेल्या रेघेपेक्षा बारीक. ६०० डीपीआयने फक्त फाइल फुगते.

आजची स्थिती पाहायला सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरच्या १:५०,००० च्या ओपन सिरीज शीटा घ्या. त्यांचे क्रमांक नव्या पद्धतीचे आहेत. ५८ बी/११ टाइप करून काही सापडलं नाही तर घाबरू नका.

नकाशावर ट्रामवे ओळखायची कशी?

आधी समास वाचा. सूचीत ब्रॉडगेज, इतर गेज आणि 'खनिज मार्ग किंवा ट्रामवे' यांच्या खुणा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. ट्रामवेची रेघ बारीक असते आणि जंगलाच्या हिरव्या रंगात, समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषांच्या तपकिरी गुंत्यात ती सहज हरवते. भिंगाने शोधा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो.

दुसरी युक्ती म्हणजे रेघ सोडून अक्षरं शोधणं. आर.एच. म्हणजे विश्रामगृह. रुळांवर वनखात्याचा राबता होता, त्यामुळे विश्रामगृहांची रांग बऱ्याचदा रुळांच्याच बाजूने जाते.

स्कॅन झालं. पुढे काय?

क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात जिओरेफरन्सर आहे, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचं साधन. खुंट्या ठोकताना, म्हणजे नियंत्रण बिंदू देताना, नवशिके नदीचं वळण किंवा रस्त्याचा तिठा पकडतात. तसं करू नका. नदी सरकते, रस्ता वळवतात. शीटच्या चौकटीवर अक्षांश-रेखांशाचे आकडे छापलेले असतात, त्यांचे चार कोपरे आणि मधल्या पाच-पाच मिनिटांच्या खुणा घ्या. शिखरावरचे त्रिकोणमापनाचे बिंदू तपासणीसाठी राखून ठेवा, खुंट्यांसाठी खर्च करू नका.

कागद घड्यांवर ताणलेला असतो. माझ्या ५८ बी/११ च्या प्रतीला कापडावर चिकटवून आठ घड्या घातलेल्या होत्या आणि प्रत्येक घडीत दोनेक मिलिमीटरांची फट. दोन मिलिमीटर म्हणजे सव्वाशे मीटर! शेवटी आठही तुकडे वेगवेगळे बसवले. कंटाळवाणं काम आहे, पण रबरासारखा नकाशा ताणणारी रूपांतरं वापरण्यापेक्षा बरं. त्या रूपांतरांत सगळे बिंदू छान जुळलेले दिसतात आणि मधला डोंगर भलतीकडे गेलेला असतो.

सगळं नीट केलं तरी माझी ट्रामवे नदीच्या पात्रातून जाते. असं का?

तुमची रेघ बरोबर आहे, पृथ्वी वेगळी आहे. जुन्या शीटा एव्हरेस्टच्या १८३० सालच्या लंबगोलावर, म्हणजे त्याने मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर, बेतलेल्या आहेत, त्यांचा उगमबिंदू मध्य भारतातलं कल्याणपूर. मोबाइल आणि गुगल अर्थ डब्ल्यूजीएस ८४ ही नवी चौकट वापरतात. जुने आकडे तसेच नव्या चौकटीत टाकले तर या भागात सगळं चित्र सुमारे दोनशे मीटर सरकतं. नकाशा बसवताना निर्देशांक पद्धत 'कल्याणपूर १९७५' (ईपीएसजी ४१४६) निवडा आणि मग सॉफ्टवेअरला रूपांतर करू द्या. नकाशा हाताने ढकलून जुळवू नका. एका ठिकाणी जुळेल, दहा किलोमीटरवर बिघडेल.

मधल्या भागात रेघ वेड्यासारखी सरळ डोंगरावरून खाली उतरते. गाडी अशी कशी जाईल? हे नकाशाकाराचं चुकलंय ना?

इथे थांबा, कारण या ट्रामवेची सगळी मजा याच जागी आहे.

आधी हिशोब करू. एक इंची शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३४ मीटर. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ला १, तोही रेल्वेला जड जातो. त्या चढाने ६३४ मीटरांत गाडी साधारण १७ मीटर, म्हणजे ५६ फूट चढेल. समोच्च रेषा पन्नास-पन्नास फुटांच्या असतील तर इंजिनवाल्या रुळाने एका सेंटिमीटरात जेमतेम एक रेषा ओलांडायला हवी. माथेरानसारखा विसाला एकचा चढ धरला तरी फार तर दोन. आता तुमची वेडी रेघ मोजा. सेंटिमीटरात दहा रेषा ओलांडत असेल तर तो चढ सव्वाचाराला एक झाला. तिथे कुठलंही साधं इंजिन चाकं फिरवत जागीच उभं राहील.

तिथे इंजिन नव्हतंच. तो 'इन्क्लाइन', म्हणजे दोराचा उतार. माथ्यावर मोठा ढोल, त्याच्यावरून पोलादी दोर. दोराच्या एका टोकाला ओंडक्यांनी भरलेली वाघीण, दुसऱ्या टोकाला रिकामी. भरलेली खाली निघाली की तिच्याच वजनाने रिकामी वर चढते. विहिरीवर दोन बादल्यांचा रहाट पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. कोळसा नाही, वाफ नाही, ढोलाच्या ब्रेकवर हात ठेवलेला माणूस तेवढा. हे जमतं, कारण माल नेहमी वरून खालीच जायचा. उलट्या दिशेने जड माल न्यायचा असता तर ही सगळी रचना कोसळली असती.

म्हणून या ट्रामवेचा नकाशा जिन्यासारखा वाचायचा. समोच्च रेषेला चिकटून नागमोडी जाणारा सपाट तुकडा ही पायरी, तिथे इंजिन. मग रेषांना काटकोनात कापणारा सरळ उतार, तिथे दोर. मग परत पायरी. उताराच्या दोन्ही टोकांना वाघिणी सोडायला-जोडायला थोडी सपाटी लागतेच, तेव्हा तिथे समोच्च रेषा किंचित फाकलेल्या दिसतात. नकाशाने सपाटी दाखवली नसेल तर जमिनीवर शोधा.

माझी चूक सांगतो. असा एक सरळ तुकडा मी जाळरेषा समजून पुसून टाकला होता. वणवा पसरू नये म्हणून वनखातं जंगलात पट्टे साफ करतं, तेही सरळसोट असतात आणि नकाशावर तसेच दिसतात. त्यानंतर तीन महिने वरची ट्रामवे आणि खालची ट्रामवे काही केल्या जुळेनात. दोन्हींच्या मध्ये हजारभर फुटांची उंची लोंबकळत होती. मग लक्षात आलं की जाळरेषा माथ्यावर पोचली की पलीकडेही तशीच उतरते, तिला कुठे थांबायचं कारण नसतं. मी पुसलेला तुकडा मात्र एका सपाटीवर सुरू होऊन दुसऱ्या सपाटीवर संपत होता.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा नदीच्या काठाने का नाही नेली?

परंबिकुलमचं पाणी चालकुडी नदीतूनच खाली येतं, त्यामुळे नकाशावर नदीच सोपी वाटते. पण याच नदीवर वाझचाल आणि अतिरप्पळ्ळीचे धबधबे आहेत. अतिरप्पळ्ळीला पाणी सुमारे ८० फूट कोसळतं. वीस-पंचवीस फुटी सागाचा ओंडका त्यावरून सोडला तर खाली सरपण मिळेल. शिवाय ओला शिसव पाण्यात बुडतो. म्हणून ट्रामवे नदीची दरी सोडून डोंगरधार ओलांडते.

एका नकाशावर ट्रामवे आहे, दुसऱ्यावर नाही. विश्वास कोणावर ठेवायचा?

छपाईचं साल पाहू नका, मोजणीचं पाहा. ते समासात वेगळं दिलेलं असतं. १९५५ साली छापलेली शीट १९१५ची मोजणी पुढे रेटत असू शकते, रस्ते तेवढे नवे भरलेले. उलटही होतं. रूळ उखडल्यावर केलेल्या शीटवर तीच वाट कच्चा रस्ता किंवा पायवाट म्हणून उतरते. अशी पायवाट फार मोलाची, कारण जंगलात कारण नसताना कोणी सपाट, एकसारख्या चढाची पायवाट करत नाही. माणूस आणि जनावर आखूड वाट शोधतात. लांबच लांब वळसे घालणारी, चढ टाळणारी पायवाट दिसली की ती कधीकाळी रुळांची होती का, हे तपासा.

गावांची नावं दर नकाशावर वेगळी आहेत.

असणारच. मल्याळममधला शब्द, इंग्रज कारकुनाचं स्पेलिंग, त्यावरून आपला देवनागरी अंदाज. थोडे शब्द पाठ करा, खूप काम होतं. आरु म्हणजे नदी, तोडु म्हणजे ओढा, पारा म्हणजे खडक, मला म्हणजे डोंगर, कडवु म्हणजे नदी ओलांडायचा उतार. ओरुकोंबन हे या मार्गावरचं ठिकाण. ओरु म्हणजे एक आणि कोंबन म्हणजे सुळेवाला हत्ती, थोडक्यात एकसुळ्या. शेजारी तमिळनाडूच्या हद्दीतलं टॉपस्लिप हे नाव तर नकाशाचंच काम करतं. तिथून ओंडके डोंगरावरून खाली घसरवत, म्हणून टॉपस्लिप.

कागदपत्रं कुठे आहेत? सालं जुळत नाहीत.

कोचीन संस्थानाचं दप्तर केरळ राज्य अभिलेखागाराच्या एर्नाकुलम शाखेत पाहा. १९११ सालच्या कोचीन स्टेट मॅन्युअलमध्येही ट्रामवेचा उल्लेख आहे. सालांचा घोळ होतो तो कोल्लम वर्षामुळे. संस्थानाचे अहवाल त्याच वर्षाने चालतात. शकाला आपण ७८ मिळवतो, तसे कोल्लम वर्षाला ८२५ मिळवायचे. पण ते वर्ष ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं, म्हणून पहिल्या चार-साडेचार महिन्यांसाठी ८२४. १०८२चा अहवाल म्हणजे १९०६-०७. मी सुरुवातीला सरसकट ८२५ मिळवून रुळांचं काम आणि त्याच्या खर्चाची मंजुरी यांची उलटापालट केली होती. मंजुरीआधी काम झालेलं पाहून मला सरकारी भ्रष्टाचाराचा शोध लागल्यासारखं वाटलं!

गुगल अर्थवर काहीच दिसत नाही.

दिसणार नाही. सदाहरित जंगलाचं छत बंद असतं आणि साठ वर्षांत रुळांच्या जागी झाडं उभी राहिली. दोन उपाय आहेत.

एक, अमेरिकेचे कोरोना टेहळणी उपग्रह. त्यांची १९६० ते १९७२ मधली चित्रं १९९५ साली खुली झाली आणि यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर शोधता येतात. कोणी आधीच स्कॅन मागवलं असेल तर फुकट उतरवता येतं. ट्रामवे १९६३ साली बंद पडली, म्हणजे ही चित्रं घेतली तेव्हा जखम ताजी होती. ढग नसलेली फेब्रुवारी-मार्चची पट्टी शोधा.

दोन, दर ३० मीटरांवर जमिनीची उंची सांगणारं मॉडेल. त्यावर भराव दिसणार नाही, पण तुमच्या रेघेचा उभा छेद काढता येतो. छेदात पायऱ्या दिसल्या तर रेघ बरोबर. करवतीसारखे दात आले तर तुम्ही वाट सोडून टेकड्या चढताय.

धरणांमुळे काही भाग बुडाला का?

परंबिकुलम-आळियार प्रकल्पाचे तलाव जुन्या शीटांवर नाहीत, नव्यांवर आहेत. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाण्याची कड जुन्या नकाशावर काढून घ्या. तिच्या आतलं जे असेल, ते घरी बसून पाहायचं.

प्रत्यक्ष जाता येईल का?

परंबिकुलम हा व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. रस्त्याने जायचं तर पोळ्ळाचीवरून, तमिळनाडूच्या अनमलै व्याघ्र प्रकल्पातून. जंगल केरळचं, पण वाट तमिळनाडूतून! १९०७ साली जे चालकुडीशी सरळ जोडलेलं होतं, तिथे जायला आज राज्याबाहेर पडून परत आत यावं लागतं.

सोबत मिळणारा वाटाड्या बहुधा कादर किंवा मलसर समाजाचा असतो. नकाशा त्याच्यापुढे पसरू नका. नुसतं विचारा, 'इथे सपाट चालायला कुठून बरं पडतं?' आमच्या वाटाड्याने काही न बोलता पायवाट सोडली आणि बांबूच्या बेटातून एका कडेवर नेलं. पाण्यासारखी सपाट, डोंगराच्या बाजूला खडक तासलेला. खडकावर सुरुंगाच्या पहारीची अर्धगोल खाच, बोट बरोबर बसेल एवढी. माझ्या मोबाइलवरची रेघ तिथून चाळीस मीटर वर होती.

रुळाचा तुकडा किंवा खिळा सापडला तर?

फोटो काढा, जागा टिपा, तिथेच ठेवा. राखीव जंगलातून काहीही उचलणं हा गुन्हा आहे.

सुरुवात वरून करू की खालून?

खालून. वरचं टोक जंगलात आणि पाण्याजवळ आहे, खालचं रेल्वेच्या वेळापत्रकात. चालकुडी स्टेशनला पहिली खुंटी ठोका. गावात ट्रामवे रोड नावाचा रस्ता आजही आहे, तो धरून पूर्वेकडे सरका. आनपंदमकडे जाणारा पहिला टप्पा सपाटीचा आणि वस्तीचा, तिथे जुनी रेघ आणि आजचे रस्ते एकमेकांना सोडून-धरून चालतात. तेवढं घरच्या टेबलावर दोन रविवारांत होतं. समोच्च रेषा दाटायला लागल्या की चहा ठेवा आणि सेंटिमीटरात किती ओलांडल्या ते मोजायला घ्या.